जनुकीय अहवालातील ‘एआरआयडी२’: त्वचेच्या कर्करोगात क्रोमॅटिनच्या जनुकांमधील बिघाडाचा अर्थ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या ६३ वर्षांच्या वडिलांच्या टाचेवरील काळा डाग काढल्यावर तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग, निघाला. गाठीच्या जनुकीय तपासणीत बीआरएएफ या जनुकात बदल सापडला नाही, मात्र एनआरएएस या जनुकात सापडला. त्याखाली ‘एआरआयडी२: प्रथिन अपुरे राहील असा बदल’ आणि ‘केएमटी२डी: अर्थ अनिश्चित’ अशा दोन ओळी असून त्यांच्यापुढे ‘क्रोमॅटिन पुनर्रचना’ असा शेरा आहे. हा शेरा म्हणजे आणखी एखादा आजार आहे का, तो आपल्याला व आपल्या भावंडांना वारशाने मिळू शकतो का आणि त्यावर वेगळे औषध आहे का, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. हा वेगळा आजार नाही. त्याच गाठीच्या पेशींमध्ये आयुष्याच्या ओघात झालेला आणखी एक बिघाड आहे. अहवालात जे लिहिले आहे त्यावरून तो वारशाने आलेला असण्याची शक्यता फार कमी आहे. त्यावर नेमके लागू पडणारे मान्यताप्राप्त औषध आज मेलॅनोमासाठी उपलब्ध नाही. तरीही ती ओळ निरर्थक नाही. गेली अनेक वर्षे मी त्वचेच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो आणि असे अहवाल वाचतो. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: या जनुकांच्या बाबतीत नुसते नाव वाचून काहीच कळत नाही. बदल कोणत्या प्रकारचा आहे, कोणत्या पेशीत आहे आणि गाठीच्या प्रवासात तो कोणत्या टप्प्यावर आला, हे पाहिल्यावरच त्याचा अर्थ लागतो.

प्रथम क्रोमॅटिन म्हणजे काय ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनही लहान केंद्रकात मावलेला असतो. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या रिळावर गुंडाळलेला असतो. डीएनएची लिपी रासायनिक अक्षरांची असते; एका रिळावर १४७ अक्षरजोड्यांचा धागा बसतो आणि अशी लाखो रिळे ओळीने येतात. धागा आणि रिळे मिळून जे बनते ते क्रोमॅटिन. जुन्या घरांत पोथ्या बासनात बांधून ठेवत असत, तसेच हे आहे. पोथी घरात आहे एवढ्याने ती वाचता येत नाही. आधी बासनाची गाठ सोडावी लागते. त्वचेतील रंगपेशी आणि यकृतातील पेशी यांच्याकडे पोथ्या त्याच असतात, पण कोणती बासने सुटलेली आहेत यावरून त्यांचे काम ठरते.

ही गाठ सोडण्याचे आणि पुन्हा बांधण्याचे काम काही प्रथिनसमूह करतात. ते पेशीतील एटीपी हे इंधन जाळून रिळे सरकवतात, उचलतात किंवा बदलतात. खऱ्या अर्थाने ‘क्रोमॅटिन पुनर्रचना’ म्हणायची ती हीच. अशा समूहांची चार मोठी घराणी आहेत आणि कर्करोगात त्यांपैकी सर्वाधिक बिघडते ते स्विस्निफ. हे नाव यीस्टवरच्या संशोधनातून आले. १९८० च्या दशकात काही संशोधक यीस्टचा लिंगप्रकार का बदलत नाही याचा शोध घेत होते, तर काही जण त्याला साखर का आंबवता येत नाही हे पाहत होते. दोन्ही वाटा अखेरीस एकाच यंत्रापाशी येऊन मिळाल्या. माणसात हे यंत्र सुमारे डझनभर भागांचे असते. बीआरजी१ किंवा त्याचे जुळे भावंड बीआरएम हे त्याचे इंजिन होय, तर एआरआयडी१ए, एआरआयडी१बी, एआरआयडी२, पीबीआरएम१ ही प्रथिने यंत्राची बांधणी टिकवतात आणि ते कोठे जाऊन बसावे हे ठरवण्यास मदत करतात. एआरआयडी२ हा ‘पीबीएएफ’ या उपप्रकाराचाच भाग आहे. तो नसला तर तो उपप्रकार नीट जुळून येत नाही. सर्व प्रकारच्या कर्करोगांचा एकत्र विचार केला तर सुमारे पाचव्या हिश्श्यात या यंत्राच्या कोणत्या ना कोणत्या भागाचे जनुक बदललेले आढळते.

अहवालांत मात्र ‘क्रोमॅटिन’ या एका शेऱ्याखाली भिन्न कामांची जनुके एकत्र टाकली जातात. केएमटी२डी हे रिळे सरकवत नाही. ते हिस्टोनवर जनुके उघडी ठेवणाऱ्या रासायनिक खुणा उमटवते. ईझेडएच२ हेही खुणाच उमटवते, पण त्या जनुके बंद ठेवणाऱ्या असतात. बॅप१ हे काही खुणा पुसते. या सर्वांचा परिणाम शेवटी बासने कोणती उघडी राहतात यावरच होतो, पण औषधाचा विचार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आता त्वचेकडे वळू. मेलॅनोमात स्विस्निफचा सहभाग ठळकपणे पुढे आला तो २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १२१ मेलॅनोमांच्या अभ्यासातून. उन्हाने होणाऱ्या बदलांचा प्रचंड गोंगाट गणिताने वजा केल्यावर जी थोडी जनुके खऱ्या अर्थाने दोषी म्हणून उरली, त्यांत एआरआयडी२ होते. हा ‘गोंगाट’ समजून घेणे फार आवश्यक आहे. अतिनील किरणांनी डीएनएतील शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि ती दुरुस्त होण्यापूर्वी पेशी विभागली तर सी या अक्षराच्या जागी टी येतो. वर्षानुवर्षे ऊन झेललेल्या गोऱ्या त्वचेतील मेलॅनोमात असे हजारो बदल साठलेले असतात. जनुक जितके लांब, तितकी त्यात असा बदल केवळ योगायोगाने सापडण्याची शक्यता अधिक. बीआरएएफचे प्रथिन ७६६ अमिनो आम्लांचे आहे, तर केएमटी२डीचे ५,५३७ आम्लांचे. म्हणून केएमटी२डीत एका आम्लाची अदलाबदल दिसली की प्रयोगशाळा ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहिते आणि ते योग्यच असते. आपल्या अहवालातील त्या ओळीला कृपया यापेक्षा अधिक महत्त्व देऊ नये.

एआरआयडी२ची ओळ वेगळी आहे, कारण तिथे एका अक्षराच्या बदलाने वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडला आहे. सीएजी, सीएए आणि सीजीए या तीन शब्दांतील पहिल्या सीचा टी झाला की तो शब्द थेट ‘थांबा’ असा होतो, त्यामुळे ऊन अशा बदलांना सहज जन्म देते. अर्धवट संदेश पेशी बहुधा नष्टच करते आणि त्या प्रतीपासून प्रथिन तयार होत नाही. जनुकाची दुसरी प्रत शाबूत असली तरी या यंत्राच्या बाबतीत निम्मा पुरवठा अनेकदा अपुरा पडतो. एआरआयडी१बी या जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत जन्मजात दोष असलेल्या बालकांमध्ये वाढीचे आणि बौद्धिक विकासाचे गंभीर प्रश्न दिसतात, ते याच कारणाने.

एक गोष्ट मात्र उन्हाच्या या हिशेबात बसत नाही आणि ती आपल्या वडिलांशी थेट संबंधित आहे. त्यांची गाठ टाचेवर आहे. तळपाय, तळहात आणि नखांखालचा मेलॅनोमा उन्हाने होत नाही. तो जगभर सर्व वर्णांच्या लोकांत साधारण सारख्याच प्रमाणात आढळतो. आपल्याकडे उन्हाचे मेलॅनोमे फार कमी असल्यामुळे भारतातील रुग्णांमध्ये त्याचा वाटा मोठा दिसतो. या गाठींत अक्षरांचे बदल थोडे असतात, पण गुणसूत्रांचे तुकडे पडणे, जनुकांच्या प्रती अनेक पटींनी वाढणे असे मोठे उलथापालथीचे बदल बरेच असतात. बीआरएएफचा बदल तुलनेने कमी आढळतो, तर केआयटी या जनुकाचा काही रुग्णांत सापडतो. स्विस्निफबद्दलचे बहुतेक ज्ञान युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील गोऱ्या रुग्णांच्या, ऊन लागलेल्या त्वचेतील गाठींवरून आलेले आहे. ते तळपायाच्या गाठीवर जसेच्या तसे लावू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. याची दुसरी बाजूही आहे: जिथे एकूण बदलच थोडे आहेत, तिथे जनुकाचे वाक्य मध्येच तोडणारा बदल निव्वळ योगायोगाने पडलेला असण्याची शक्यता कमी होते. म्हणून आपल्या वडिलांच्या अहवालातील एआरआयडी२ची ओळ मी नुसती जागा भरण्यासाठी लिहिलेली समजून सोडून देणार नाही.

हा बिघाड गाठीच्या आयुष्यात केव्हा होतो, याचे उत्तर २०१५ सालच्या एका सुंदर अभ्यासाने दिले. ३७ मेलॅनोमा आणि त्यांना लागूनच असलेले मूळचे तीळ किंवा संशयित डाग घेऊन त्यांतील १५० वेगवेगळ्या जागांची तपासणी करण्यात आली. म्हणजे एकाच काचपट्टीवर आधीचा आणि नंतरचा टप्पा शेजारी ठेवून वाचला गेला. साध्या तिळात बहुधा बीआरएएफचा एकच बदल होता. मधल्या टप्प्यावर टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागातील बदल आले. गाठ त्वचेत खोलवर घुसली तिथे पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या सीडीकेएन२ए या जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या आणि त्याच सुमारास स्विस्निफच्या जनुकांतील तोडफोड दिसू लागली. पीटीईएन आणि टीपी५३ या जनुकांतील बदल आणखी पुढच्या, जाड गाठींमध्ये आले. म्हणजे हा बिघाड सहसा गाठीची सुरुवात करणारा नसतो. सुरू झालेल्या गाठीला आवर घालणारी एक व्यवस्था तो काढून घेतो. तीळ वर्षानुवर्षे तीळच राहतो, कारण पेशीला थांबवणारी पाने उघडी असतात आणि ती वाचली जातात. बासने सोडणाराच गेला की ती पाने बंद राहतात, असे आजचे आकलन आहे. डीएनएच्या दुरुस्तीसाठीही हे यंत्र लागते, कारण अतिनील किरणांनी झालेली जखम रिळावर घट्ट गुंडाळलेल्या भागात असेल तर दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना आत शिरायला आधी जागा करून द्यावी लागते.

या विषयातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब पुढे आहे. मेलॅनोमा या यंत्राचे काही भाग मोडतो, पण इंजिन जपतो. रंगपेशीची ओळख टिकवणारी एमआयटीएफ आणि सॉक्स१० ही दोन प्रथिने बीआरजी१च्या मदतीशिवाय आपली जनुके उघडू शकत नाहीत आणि मेलॅनोमाच्या पेशीही जगण्यासाठी त्यांच्यावरच विसंबून असतात. अंडाशयाच्या एका दुर्मीळ कर्करोगात बीआरजी१ जवळजवळ प्रत्येक रुग्णात नष्ट झालेले असते. मेलॅनोमात तसे होत नाही. म्हणून ‘स्विस्निफ हे कर्करोग रोखणारे यंत्र आहे’ हे सरसकट विधान मला अपुरे वाटते. कोणत्या पेशीत कोणता भाग गेला, यावर ते रोखणारे आहे की पोसणारे, हे ठरते. औषधांची आजची एक वाट नेमकी इथूनच जाते: एक भाग गेलेली पेशी त्याच्या जुळ्या भावंडावर पूर्णपणे अवलंबून होते, उदाहरणार्थ एआरआयडी१ए गेले तर एआरआयडी१बीवर आणि बीआरजी१ गेले तर बीआरएमवर. अशा वेळी ते भावंड अडवले तर कर्कपेशी मरेल आणि निरोगी पेशी तगेल. ही कल्पना प्रयोगशाळेत चांगली उतरली आहे. मेलॅनोमाच्या नेहमीच्या उपचारांत मात्र ती अजून आलेली नाही.

त्वचेच्या इतर कर्करोगांविषयी थोडे सांगतो. वरच्या थरातील पेशींच्या स्क्वॅमस कर्करोगात केएमटी२डी व केएमटी२सी यांतील बदल वारंवार आढळतात आणि केएमटी२डीचा त्वचेच्या पेशी परिपक्व करणाऱ्या पी६३ या प्रथिनाशी निकटचा संबंध असल्याने तिथे ते नुसते प्रवासी, म्हणजे योगायोगाने सोबत आलेले बदल, नसावेत. आपल्याकडे हा कर्करोग उन्हापेक्षा अनेकदा जुन्या भाजल्याच्या व्रणावर, न भरणाऱ्या जखमेवर, किंवा धोतराने अथवा साडीखालच्या परकराच्या नाडीने वर्षानुवर्षे काचलेल्या कमरेवर झालेला दिसतो, हे भारतीय वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. तिथेही पाश्चात्त्य आकडे तसेच्या तसे उचलू नयेत. मर्केल पेशींच्या दुर्मीळ कर्करोगात विषाणूमुळे झालेल्या गाठींत बदल मोजकेच असतात, पण उन्हामुळे झालेल्या गाठींत क्रोमॅटिनची जनुके बरीच बिघडलेली आढळतात. त्वचेतील टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींच्या, लसिका कर्करोगात (लिम्फोमात) एआरआयडी१ए अनेकदा नाहीसे झालेले असते आणि याच आजारात हिस्टोनवरील खुणांवर काम करणारे व्होरिनोस्टॅट हे औषध अमेरिकेत २००६ सालीच मान्य झाले.

बिघाड ओळखण्यासाठी दर वेळी महागडी तपासणी लागतेच असे नाही, आणि हे सांगताना मला एक रुग्ण आठवतो. हातावर न भरणारी गाठ असलेला तो तरुण अन्यत्र दीर्घकाळ क्षयाच्या गाठीचे उपचार घेऊन आला होता. काचपट्टीवर पहिल्या नजरेत चित्रही तसेच वाटत होते. आयएनआय१ या स्विस्निफच्याच एका भागासाठी रंग दिल्यावर रक्तवाहिन्यांची आणि लसिकापेशींची केंद्रके नेहमीप्रमाणे तपकिरी झाली, पण संशयित पेशींची केंद्रके निळीच राहिली, म्हणजे ते प्रथिन तिथे नव्हते. निदान एपिथेलिऑइड सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींचा एक दुर्मीळ कर्करोग, असे झाले. या गाठीच्या बहुसंख्य रुग्णांत आयएनआय१ नष्ट झालेले असते. शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी होणे फार महत्त्वाचे आहे. त्या तशा झाल्या नाहीत तर दोष गाठीत नसून रंग देण्याच्या प्रक्रियेत असतो. याच सार्कोमासाठी ईझेडएच२ अडवणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या ६२ रुग्णांच्या आधारे ती मिळाली त्यांपैकी १५ टक्के रुग्णांत गाठ लक्षणीय आक्रसली. हा आकडा मी रुग्णांना मुद्दाम सांगतो, कारण ‘नेमके औषध’ हे शब्द ऐकले की मनात फार मोठी आशा उभी राहते.

वारशाचा प्रश्न आपण काळजीने विचारला आहे. आपल्या अहवालातील तपासणी गाठीच्या पेशींवर झालेली आहे. जन्मापासून प्रत्येक पेशीत असणारा बदल शोधायचा तर रक्ताची वेगळी तपासणी लागते. क्रोमॅटिनशी संबंधित जनुकांपैकी त्वचेच्या बाबतीत ज्याचा वारसा खरोखर महत्त्वाचा आहे ते बॅप१. २०१० साली डोळ्याच्या आतील मेलॅनोमाच्या अभ्यासात, शरीरात इतरत्र पसरणाऱ्या ३१ गाठींपैकी २६ गाठींत हे जनुक बिघडलेले आढळले आणि पुढच्याच वर्षी काही कुटुंबांत त्याचा वारसा दिसून आला. अशा कुटुंबांत त्वचेच्या रंगाचे किंवा तांबूस, घुमटासारखे लहान फुगवटे, डोळ्याचा किंवा त्वचेचा मेलॅनोमा, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा असे आजार वेगवेगळ्या नातेवाइकांत दिसतात. आपल्या वडिलांच्या गाठीत बॅप१ बदललेले नाही आणि आपण लिहिलेल्या कौटुंबिक इतिहासात यांपैकी काहीच नाही. त्यामुळे आपण भावंडांनी केवळ एआरआयडी२च्या ओळीवरून रक्ततपासणी करून घेण्याची गरज मला दिसत नाही.

उपचारांविषयी सांगायचे तर, वडिलांचे उपचार ठरतील ते गाठीची जाडी, तिच्यावरची त्वचा फुटून उघडी जखम झाली आहे का, जांघेतील पहिल्या लसिकाग्रंथीत पेशी पोहोचल्या आहेत का आणि आजार इतरत्र आहे का यांवरून. बीआरएएफचा बदल नसल्याने त्यावरच्या गोळ्या उपयोगी नाहीत. शस्त्रक्रियेपलीकडे काही लागलेच तर प्रतिकारशक्तीला मोकळे करणाऱ्या इम्युनोथेरपीचा विचार होईल. तळपायाच्या मेलॅनोमात तिचा प्रतिसाद उन्हाच्या मेलॅनोमापेक्षा सर्वसाधारणपणे कमी असतो, हे मनात असू द्यावे. इथे एआरआयडी२चा संबंध येतो असे आपण कोठेतरी वाचले असेल. २०१८ साली उंदरांच्या मेलॅनोमा पेशींवरील प्रयोगांत असे आढळले की एआरआयडी२, पीबीआरएम१ किंवा बीआरडी७ हे पीबीएएफचे भाग काढून टाकल्यास त्या पेशी टी-पेशींच्या हल्ल्याला अधिक सहज बळी पडतात, कारण इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या संदेशाच्या हाकेला ओ देणारी जनुके अधिक उघडी होतात आणि टी-पेशींना बोलावणारे रासायनिक संदेश जास्त प्रमाणात बाहेर पडतात. हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. ज्या मोडतोडीने गाठ आक्रमक होते, तीच तिला प्रतिकारशक्तीपुढे उघडी पाडू शकते. परंतु रुग्णांमधील अनुभव सर्वत्र एकसारखा नाही. म्हणून एआरआयडी२चा बदल आहे या कारणासाठी इम्युनोथेरपी सुरू करू नये आणि तो नाही म्हणून नाकारूही नये. त्याचप्रमाणे, या ओळीकडे बोट दाखवून कोणी ईझेडएच२चे किंवा हिस्टोनवर काम करणारे औषध मेलॅनोमासाठी स्वखर्चाने घ्यायला सांगत असेल, तर ते औषध रीतसर चाचणीचा भाग आहे का, हे आधी लेखी विचारावे. तसे नसेल तर घेऊ नये. घरचे दागिने विकून असे उपचार घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत आणि त्याचे दुःख मला आजही होते.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. केआयटीची तपासणी याच अहवालात झाली होती का, ही पहिली, कारण तळपायाच्या गाठीत त्याचा थेट उपयोग होऊ शकतो. तपासलेल्या नमुन्यात कर्कपेशी किती टक्के होत्या आणि एआरआयडी२चा बदल किती टक्के प्रतींत दिसला, ही दुसरी. ७० टक्के पेशी कर्कपेशी असतील आणि बदल ३५ टक्क्यांच्या आसपास असेल तर तो जवळजवळ सर्व कर्कपेशींच्या एका प्रतीत आहे असे समजता येते. तो पाचसहा टक्के असेल तर गाठीच्या एखाद्या कोपऱ्यातच तो उशिरा आला असावा आणि मग त्यावरून पुढचे काहीच ठरवता येणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे गाठीचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, कोठे ठेवला आहे. प्रयोगशाळा तो कायम ठेवत नाहीत. तो अहवालाच्या क्रमांकासह ताब्यात घ्यावा आणि घरात कोरड्या, थंड जागी ठेवावा. दोन-चार वर्षांनी नवी चाचणी किंवा नवे औषध आले आणि गाठीचा नमुना लागला, तर वडिलांची पुन्हा बायॉप्सी करण्याऐवजी त्याच ब्लॉकचे पातळ काप काढून बहुतेक वेळा काम भागते.